बाई, हलू नका!

गणिताच्या शिक्षिकेला नोकरीत सर्वांत जास्त वेळा म्हणावं लागणारं वाक्य गणिताचं नसतं. 'हलू नकोस' हे असतं. फळ्याकडे तोंड करून मी वर्तुळाची स्पर्शिका काढत असते, तेव्हा मागच्या बाकांवर काय चाललंय ते मला पाठीनेच कळतं. मी न वळताच विचारते, "कोण हलतंय?" आणि वर्ग चिडीचूप होतो. आठवी ब मधला एक मुलगा तेवढा याला अपवाद होता. तो धड बसलेला मी कधी पाहिलाच नाही. एक पाय बाकाखाली, दुसरा बाहेर, कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत आणि मधल्या सुट्टीच्या आधीच हात कुणाच्या तरी डब्यात. वर "बाई, पाणी पिऊन येऊ?" हे पालुपद. त्याला मी बाकावर उभं केलं, कोपऱ्यात उभं केलं, वर्गाबाहेर उभं केलं. तो तिथेही हलत राहिला.

हल्ली तो माझ्या कानाशी उकिडवा बसतो, मोबाइलवर स्टॉपवॉच लावतो आणि समजुतीच्या आवाजात म्हणतो, "बाई, हलू नका."

झालं असं, की प्रथम सत्राचे पेपर आले. नववीच्या दोन तुकड्यांचा गठ्ठा जमिनीवर ठेवला होता. तो मी वाकून उचलला, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून तशीच वळले आणि कमरेत उसण भरली. धड वाकलेली नाही, धड सरळ नाही, अशा एका विशालकोनात मी स्टाफरूममध्ये अडकून राहिले. इतिहासाच्या बाईंनी बाम आणला. विज्ञानाच्या सरांनी 'डिस्क असणार' असं निदान केलं. मुख्याध्यापकांनी पेपर कधीपर्यंत तपासून होतील ते विचारलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "हाडं उत्तम आहेत. पोट कमजोर आहे." दुखतेय कंबर आणि नापास झालंय पोट! "मणक्यांना पुढून, बाजूने कुणी धरून ठेवायला नको का? तुमच्याकडे धरणारं कुणी नाही. दुखणं थांबलं की कोअरचे व्यायाम सुरू करा." घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा नवऱ्याने माझ्या पोटाकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, आणि लग्नाला बरीच वर्षं झालेली असल्यामुळे ते परत मिटलं.

जिम डोंबिवली पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. खाली वडापाववाला. त्याची कढई बरोबर आमच्या मॅटच्या खाली येते, मध्ये फक्त स्लॅब. लेडीज बॅच चार ते सहा, आणि पाचच्या सुमाराला वड्यांचा पहिला घाणा निघतो. बाकीच्या जगात पोटाचे व्यायाम कसे होतात मला माहीत नाही, पण आमच्याकडे ते तळणीच्या वासात होतात. कढीपत्ता आणि लसूण तेलात पडल्याचा चर्रर्र आवाज सुद्धा ऐकू येतो.

आत पाऊल टाकलं, तर "बाई!" अशी आरोळी आली आणि आठवी ब मधल्या त्याच मुलाने, म्हणजे इथल्या ट्रेनरने, वाकून नमस्कार केला. गुडघे न वाकवता, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवून. मी आशीर्वादासाठी वाकायला गेले, पण कमरेने परवानगी नाकारली, म्हणून उभ्यानेच दिला. तिथल्या सगळ्याजणी त्याला 'सर' म्हणतात. माझ्या तोंडून पहिल्या दिवशी 'अरे सर' असं निघालं, ते अजून तसंच चालू आहे. आणि त्याच्यामुळे सगळी बॅच मला 'बाई' म्हणते, त्यात माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या दोघीही आल्या.

आधी मापं घेतली. टेप गुंडाळत तो म्हणाला, "आपल्याकडच्या बायकांना कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा, पुरुषांना ९०च्या. त्याच्या वर गेला की शुगर-बीपीची रिस्क." माझा आकडा मी इथे देणार नाही. मूळ संख्या नाही, एवढंच सांगते.

मग त्याने कोअर म्हणजे काय ते समजावलं. "बाई, सिक्स पॅक म्हणजे कोअर नव्हे. तो नुसता पुढचा उभा स्नायू, रेक्टस ॲब्डोमिनिस. त्याला आडव्या पट्ट्या असतात, त्यामुळे ते चौकोन दिसतात. ते किती आणि सरळ की तिरके, हे जन्मतःच ठरलेलं. कुणाला चार, कुणाला सहा, कुणाला आठ." माझ्या वाट्याला किती आलेत देव जाणे, तिथपर्यंत उत्खनन अजून पोचलेलं नाही. "खरं कोअर म्हणजे डबा आहे, बाई. बाजूला तिरके स्नायू, आत खोलवर आडवा गुंडाळलेला ट्रान्सव्हर्स, मागे मणक्यांना चिकटलेले मल्टिफिडस. श्वासाचा पडदा म्हणजे झाकण आणि खाली ओटीपोटाचा तळ म्हणजे बूड. सगळं घट्ट बसलं की आत दाब तयार होतो आणि कणा सांभाळला जातो." मी ऐकतच राहिले. स्नायूंची नावं तो घडाघडा म्हणत होता. या मुलाला मी त्रिकोणाच्या तीन बाजूंची नावं पाठ करवू शकले नव्हते. अर्थात डब्यांचा त्याचा अभ्यास पूर्वीपासूनचाच.

"आणि या डब्याचं मुख्य काम हलणं नाही," तो म्हणाला, "हलू न देणं. हात-पाय हलतात, मध्य हलला नाही पाहिजे. म्हणून आपले सगळे व्यायाम न हलण्याचे."

"म्हणजे मी पैसे भरून न हलायला आलेय?"

"हो बाई."

घरात मी पेपर तपासायला बसले की सासूबाई म्हणतात, "जरा हलत जा." इथे येऊन महिन्याची फी भरली, तर हा म्हणतो हलू नका. जगात न हलण्याला मागणी आहे हे मला आधी कळलं असतं, तर फी मी आकारली असती.

उगाच पोरकट काहीतरी सांगतोय म्हणून मी घरी जाऊन वाचलं, तर मुलगा बरोबर निघाला. (गणितात असं कधी झालं नव्हतं.) कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीच्या कण्यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं, आणि त्यांनी सुचवलेले तीन व्यायाम जगभर चालतात: डोकं जेमतेम उचलायचा कर्ल-अप, कुशीवरचा साइड प्लँक आणि ओणव्याने विरुद्ध हात-पाय लांब करायचा बर्ड डॉग. तिन्हींत कणा जागचा हलत नाही. आम्ही लहानपणी पाय कुणालातरी दाबून धरायला लावून धपाधप उठायचो, ते मागे पडत चाललंय. अमेरिकेच्या नौदलानेही २०२१ मध्ये शारीरिक चाचणीतून तशा उठण्याचा प्रकार काढून प्लँक आणला.

आता प्लँक. लांबून पाहिलं तर यात काहीच नाही. कोपरं खांद्यांखाली, पायाची बोटं टेकलेली, मध्ये माणूस आडवा. पाहुणे येणार म्हणून पलंगाखाली झाडू मारताना आपण साधारण असेच असतो. तर 'अरे सर' म्हणाले, "तीस सेकंद." मी म्हटलं, एवढंच?

पहिली पाच सेकंदं मी खिडकीबाहेरचा विचार करत होते. दहाव्याला विचार खोलीत आला. पंधराव्याला मांड्या थरथरायला लागल्या. मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्या आपणहून लागल्या. प्लँकमध्ये माणसाला जगाचा एक वीतभर तुकडा दिसतो. माझ्या तुकड्यात काळ्या रबराची मॅट, तिच्यावर कुणाच्या तरी टाचेने पडलेली चीर, आणि चिरेत अडकलेली एक काळी पिन होती. त्या पिनेच्या बाजूला माझ्या नाकावरून एक थेंब पडला, मग दुसरा. मला पिनेच्या टोकाचे दोन काटे, त्यातल्या एकावरचं निघालेलं प्लास्टिक, सगळं लख्ख दिसत होतं. असं एकाग्र होऊन मी प्रमेयाकडेही कधी पाहिलेलं नाही. खालून घाणा निघाल्याचा वास आला. "बाई, कंबर वर चालली. खाली घ्या. आता फार खाली गेली. बाई, श्वास रोखू नका! बोला काहीतरी."

काय बोलणार? अशा वेळी माणसाच्या तोंडून जे सगळ्यात आत मुरलेलं असतं ते बाहेर पडतं. कुणाच्या तोंडून देवाचं नाव येईल, माझ्या तोंडून एकोणतीसचा पाढा आला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस साती दोनशे तीनला कंबर डुगडुगली, एकोणतीस नवे दोनशे एकसष्टला डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि दोनशे नव्वदला मी कोसळले. त्यातून शोध असा लागला, की श्वास न रोखता म्हटलेला अवघड पाढा म्हणजे जवळपास एक नियमित प्लँक. आता आख्खी लेडीज बॅच पाढ्यावर धरते. एका आजींना दिडकी आणि अडीचकी येते, त्यांच्या तोंडून ती ऐकताना प्लँकमध्येसुद्धा मला भरून येतं. वडेवाल्याने मात्र विचारलं म्हणे, की वर क्लासेस सुरू झालेत का, पाचवीला किती घेतात.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगते. डेड बगमध्ये उताणं पडून हात-पाय वर करायचे आणि एकेक सोडायचे. हिट मारल्यानंतर झुरळ जे करतं ते. त्यात अवघड काही नाही, फक्त अब्रू जाते. बर्ड डॉगमध्ये उजवा हात आणि डावा पाय एकाच वेळी. विरुद्ध कोन, विरुद्ध बाजू हे मी आयुष्यभर शिकवलं, पण ओणवी झाल्यावर माझी विरुद्ध बाजू मला सापडत नाही. एकदा दोन्ही उजव्या बाजू उचलून मी शेजारणीवर गेले. होलो होल्डमध्ये पाठीचा खालचा भाग जमिनीला चिकटवून खांदे आणि पाय दोन्ही अधांतरी ठेवायचे. तो जिमनॅस्टिक्सवाल्यांचा आवडता आहे आणि त्यांचा त्यांनाच राहू द्यावा असं माझं मत आहे.

एका प्रकारात मात्र मी पहिल्या दिवशीच बॅचमध्ये पहिली आले. भिंतीच्या कडीला रबराचा जाड पट्टा बांधतात. आपण कडीकडे बाजू करून उभं राहायचं, पट्टा छातीशी धरायचा आणि हात समोर लांबवायचे. पट्टा आपल्याला कडीकडे वळवायला बघतो, आपण वळायचं नाही. पॅलोफ प्रेस म्हणतात त्याला. सर पट्टा जाड जाड करत गेले, मी ढिम्म. "बाई, आधी करत होतात?" करत होते ना! माझी आधीची शाळा भांडुपला होती. संध्याकाळच्या कल्याण गाडीत, लेडीज डब्याच्या दारापाशी उभं राहून, ठाण्याला उतरणाऱ्यांचा लोंढा एका अंगाने आणि चढणाऱ्यांचा दुसऱ्या अंगाने घुसत असताना डोंबिवलीची बाई जागची वळत नाही. वळली तर मुंब्र्यापर्यंत तोंड भिंतीकडे.

सगळा संच असा: चाळीस सेकंद करा, वीस सेकंद थांबा, सहा प्रकार, तीन फेऱ्या. म्हणजे अठरा मिनिटं. कागदावर अठराच येतात, मी करून पाहिलं. प्रत्यक्षात जास्त लागतात, कारण 'अरे सर' मोजतात. त्यांची मोजणी हा माझा मोठा सल आहे. आठ, नऊ, "अजून थोडं", नऊ, "छान", नऊ, दहा. मग "शेवटचे तीन!" असं म्हणून तीन होतात आणि त्यानंतर पुन्हा "शेवटचे दोन!" शेवटच्या नंतर शेवटचं कसं येईल? मी उताणी पडल्या पडल्या त्याला विचारलं, की नैसर्गिक संख्यांत नऊनंतर काय येतं. तो म्हणाला, "बाई, मसलला गणित कळत नाही." त्याला मी आठवीत दिलेले मार्क तेव्हाही जास्तच होते.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते. उठून बसताना कळतं की आपण उठून बसायला पोट वापरतो. खोकताना, शिंकताना, कुकरचं झाकण लावताना, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिताना पोटच लागतं. त्या दिवशी मी तारीख फळ्याच्या मध्यावर लिहिली. सगळ्यात वाईट म्हणजे हसणं. स्टाफरूममध्ये हे कळलं आणि इतिहासाच्या बाईंनी एरवी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेले विनोद बाहेर काढले. मी टेबलाची कड धरून, दात आवळून, डोळ्यांतून पाणी काढत "नको, नको" म्हणत होते. नवे आलेले एक सर मला खुर्ची द्यायला धावले. त्यांना वाटलं घरी काही वाईट बातमी.

आमचे पी.टी.चे सर मात्र गंभीर झाले. दोन वर्षांत निवृत्त होणारा, काटकुळा माणूस. "बाई, हे सगळं फॅड आहे. हेच आपल्या मल्लखांबात होतं." मग दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभट दादा देवधर, त्यांनी मल्लखांबाला दिलेला नवा जन्म, शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात खांबाला आणि दोरीला उलटी लटकणारी पोरं-पोरी, तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये मिळालेली पद्मश्री, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. "दोरीवर आडवी झालेली दहा वर्षांची पोरगी बघा एकदा. ती तुमचा तो प्लँक हवेत करते, बाई!" बोलता बोलता त्यांनी बूट काढले, दोन टेबलांच्या मध्ये पालथे झाले, आणि त्याच स्थितीत बाळंभटांच्या शिष्यपरंपरेकडे वळले. आवाजात फरक नाही, श्वासात फरक नाही. तास झाल्याची घंटा झाली तेव्हा ते उठले, गुडघे झटकले आणि निघून गेले. माझा मत्सर मी तिथल्या तिथे गिळला, तेही दुखलं.

"पण पोट कमी झालं का?" हा प्रश्न मला शिपाईमामांपासून जावेपर्यंत सगळे विचारतात. नाही झालं. पोटाच्या व्यायामाने पोटावरचीच चरबी जात नाही. शरीर ती कुठून काढायची ते स्वतःच्या मर्जीने ठरवतं आणि माझ्या शरीराने ती गालांवरून काढली. म्हणजे आता आत एक भक्कम भिंत उभी राहतेय आणि तिच्यावरचा गिलावा जसाच्या तसा आहे. नवऱ्याला मी म्हटलं, बोट लावून बघ, आत कसं घट्ट लागतंय. त्याने बोट लावलं, बराच वेळ शोध घेतला, आणि म्हणाला, "हो, आहे काहीतरी." यापेक्षा जास्त उत्साहाने तो नळाची गळती तपासतो. गठ्ठे मात्र मी आता एकटीने उचलते आणि मध्येच कुणी हाक मारली तरी वळत नाही.

मी ढेपाळले की सर मला व्हिडिओ दाखवतात. परवा म्हणाले, "बाई, या बघा, तुमच्याच लाइनमधल्या आहेत." कॅनडाच्या डोनाजीन वाइल्ड. निवृत्त व्हाइस प्रिन्सिपॉल, विक्रमाच्या वेळी वय ५८. मार्च २०२४ मध्ये त्या प्लँकमध्ये ४ तास, ३० मिनिटं आणि ११ सेकंद राहिल्या. गिनीजमध्ये बायकांचा विक्रम. साडेचार तास! म्हणजे आमची सकाळची बहुतेक शाळा, मधल्या सुट्टीसकट. मला त्यांच्या स्नायूंचं काही वाटलं नाही, निवृत्तीनंतर त्यांना एवढा सलग मोकळा वेळ मिळाला याचं वाटलं. सराव करताना त्या वाचायच्या, असंही कळलं. म्हटलं, चला, आपले पेपर. घरी मॅट घातली, गठ्ठा नाकाखाली ठेवला आणि एका कोपरावर भार घेऊन लाल पेनाने तपासायला लागले. तिसऱ्या पेपराला हात थरथरायला लागला. एका मुलाच्या अचूक उत्तरावर बरोबरच्या खुणेऐवजी वर्गमूळाचं चिन्ह उमटलं. पेपर वाटल्यावर तो माझ्यापाशी आला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "बाई, पाच मार्कांचं वर्गमूळ काढून बेरजेत धरू का?"

परवा फी संपली. मी प्लँकमध्ये होते. पाढा नाही, काही नाही. शांतपणे, पिनेकडे बघत. (ती अजून तिथेच आहे.) सर शेजारी उकिडवे बसले आणि मोबाइल बघत म्हणाले, "बाई, वर्षाचं पॅकेज घ्या ना. बारा हजार आहे. एकदम भरले तर तीस टक्के सूट, आणि जुन्या मेंबरला त्याच्यावर अजून दहा टक्के. म्हणजे चाळीस टक्के ऑफ. सात हजार दोनशे."

'सूट आणि कमिशन' आम्ही आठवीत शिकवतो. आधी तीस टक्के जाऊन उरले आठ हजार चारशे. पुढचे दहा टक्के या आठ हजार चारशेवर, मूळ बारा हजारांवर नव्हेत. आठशे चाळीस गेले, राहिले सात हजार पाचशे साठ. म्हणजे सूट सदतीस टक्के, चाळीस नव्हे. हे उदाहरण मी याच मुलाला, याच चुकीसाठी, फळ्यापाशी बोलावून सोडवायला लावलं होतं. तेव्हाही त्याने चाळीस लिहिलं होतं, आणि सोडवताना एका पायावर उड्या मारत होता.

गप्प राहिले तर माझे तीनशे साठ रुपये वाचत होते. पोट आत, कंबर सरळ, नजर पिनेवर. खाली वड्यांचा दुसरा घाणा पडला. तीनशे साठ रुपयांत किती वडापाव येतात, हाही हिशेब आपोआप होऊन गेला. थांब, म्हटलं स्वतःला. फक्त हलू नकोस.

"सदतीस!" मी ओरडले. "सदतीस टक्के होतात, गाढवा! दुसरी सूट उरलेल्या रकमेवर काढायची!"

बॅच स्तब्ध झाली. दिडकीवाल्या आजींनी मान वळवून "बरोबर आहे" म्हटलं. त्याने मोबाइलवर आकडे मारून पाहिले, सात हजार पाचशे साठ आले, आणि त्याने ते मुकाट्याने पावतीवर लिहिले. मग माझ्याकडे बघत स्टॉपवॉच शून्यावर आणलं.

"कंबर पडली, बाई. परत पहिल्यापासून."